ऐंशीला ओरडणारी फियाट: जुन्या गाड्यांच्या मागच्या दातांचं गणित

मामाकडे १९६६ची फियाट ११०० आहे. मार्च २०२४मध्ये कोस्टल रोड सुरू झाला. हल्ली रविवारी सकाळी तिला तिथं फिरवून आणायचं हा त्याचा नेम. साठपर्यंत गाडी लाडात चालते. सत्तरला जराशी कुरकुर. ऐंशीला मात्र इंजिन असं ओरडायला लागतं की मागच्या सीटवरच्या दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. मागल्या महिन्यात माझी मुलगी सोबत होती. तिला नुकतंच लायसन्स मिळालंय, त्यामुळे सगळ्यांच्या गिअरवर तिचं लक्ष. "आजोबा, गिअर बदला ना! केवढं ओरडतंय इंजिन!"

"बदलू कुठला? हाच शेवटचा," मामा म्हणाला.

पोरीचं म्हणणं रास्त होतं. आमची साधी हॅचबॅक ऐंशीला गुपचूप चालते, गाणी ऐकता येतात. गंमत अशी की हीच फियाट चार माणसं आणि दोन बॅगा घेऊन खंडाळ्याच्या घाटात तिसऱ्या गिअरवर तक्रार न करता चढते. घाटात शहाण्यासारखी वागणारी गाडी सपाट रस्त्यावर आरडाओरडा का करते? मुलीला वाटलं इंजिन म्हातारं झालंय. तसं नाही, इंजिन ठणठणीत आहे. या कोड्याचं उत्तर गाडीच्या मागच्या एक्सलच्या मधोमध जे लोखंडी गाडगं असतं त्यात आहे. गॅरेजवाले त्याला 'हौसिंग' म्हणतात. आतल्या दोन गिअरांवर किती दात कापायचे हे कारखान्यात एकदा ठरलं, आणि त्याच दिवशी गाडीचा स्वभाव ठरला.

(फियाटला 'व्हिंटेज' म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. जगभरच्या क्लबांच्या हिशेबात व्हिंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३०च्या गाड्या, बाकीच्या 'क्लासिक'. आपल्याकडच्या सरकारी नियमात ५० वर्षांपुढची ती व्हिंटेज. मी सरकारबरोबर.)

## आखूड पावलं, लांब पावलं

पाठीवर जड पिशवी घेऊन चौपाटीकडून मलबार हिल चढून बघा. पावलं आपोआप आखूड होतात. एका पावलाला जोर कमी लागतो, पण पावलं जास्त टाकावी लागतात. तीच आखूड पावलं मरीन ड्राइव्हच्या सपाट कठड्याशेजारी टाकत कुणाच्या बरोबरीनं भरभर चालायचं म्हटलं, तर पाय नुसते लटलट हलतील आणि दम लागेल.

गाडीत पाय म्हणजे इंजिन. इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला किती वेळा फिरतो, त्या आकड्याला आरपीएम म्हणतात. ऐंशीच्या वेगाला चाक मिनिटाला किती वेळा फिरणार हे टायरच्या घेरावर ठरतं, त्यात कुणाचं काही चालत नाही. पण चाकाच्या एका फेरीमागे इंजिनानं किती फेऱ्या मारायच्या हे गाडी बनवणारा ठरवतो. इंजिनाच्या फेऱ्या जास्त ठेवल्या की पावलं आखूड: ओढ भरपूर, वेग गाठताना दमछाक. कमी ठेवल्या की पावलं लांब: सपाटीवर निवांत, चढावर धाप.

जुन्या गाडीत जोर इंजिनापासून चाकापर्यंत कसा जातो, तेही एकदा बघून घेऊ. पुढे इंजिन, त्याला चिकटून क्लच, मग गिअरबॉक्स. तिथून गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा मागे जातो, तो प्रोपेलर शाफ्ट. तो हौसिंगमध्ये शिरतो, आणि तिथून डावी-उजवीकडे निघालेले दोन एक्सल मागची चाकं फिरवतात. म्हणजे गाडीला ढकलतात ती मागची चाकं, पुढची फक्त वाट दाखवतात.

गिअरबॉक्स चढ-उतार बघून पावलं बदलत राहतो. हौसिंगमधलं गणित मात्र कायमचं.

## आंब्याच्या आईस्क्रीमचा पॉट

हौसिंगला पहिलं काम करावं लागतं ते काटकोनात वळवायचं. प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेनं फिरतो, एक्सल रुंदीच्या दिशेनं. मे महिन्यात गच्चीवर बर्फ-मीठ घालून फिरवायचा लाकडी पॉट आठवतो? आपण बाजूचा दांडा फिरवायचो आणि डबा आत उभ्या आसाभोवती फिरायचा. वर दोन तिरप्या दातांच्या चक्र्या एकमेकींत अडकलेल्या असायच्या. हौसिंगमध्ये तीच युक्ती आहे, फक्त इथली चक्री पोलादाची.

प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला छोटी चक्री, तिचं नाव पिनियन. ती जिला फिरवते ती ताटाएवढी मोठी चक्री म्हणजे क्राऊन. मेस्तरी लोक दोघींचं नाव एका दमात घेतात: क्राऊन-पिनियन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की जो आकडा येतो, तो एक्सलचा गुणक. हा लेख सगळा त्या आकड्याचा.

फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ एवढी वर्षं ती बनत होती. तिच्या क्राऊनला ४० दात, पिनियनला ११. भागाकार ३.६४. म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या ३.६४ फेऱ्या, आणि त्या बदल्यात चाकाला मिळणारा पीळ, म्हणजे फिरवायचा जोर, तितक्याच पट. तिचं टायर बाहेरून ३० इंच व्यासाचं, घेर साधारण २.४ मीटर. इंजिन पूर्ण ताकदीला, म्हणजे २० अश्वशक्तीला, पोचायचं १६०० आरपीएमवर. गुणाकार केला तर वेग येतो ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास. शंभर वर्षांपूर्वीची ती गाडी जास्तीत जास्त पळायची तीही साधारण साठ-सत्तरनं. चार आकडे माहीत असले की बंद पडलेल्या गाडीचाही वेग कागदावर काढता येतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार मौज वाटली होती.

## चाळीसला अकराच का? सरळ चार का नाही?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. ४० ला ११. अमेरिकी गाड्यांत पुष्कळ दिसणारा ४.११ हा आकडा ३७ ला ९ मधून येतो. युद्धकाळातल्या विलीज जीपचा ४.८८ हा ३९ ला ८ मधून. बनवणाऱ्यांचं सगळं असं वेडंवाकडं का? ३६ ला ९ केलं की सुबक ४ मिळाले असते.

कारण त्यांना सुबकपणाच नको होता. ३६ ला ९ असतं तर पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या ठरावीक चारच दातांना भेटला असता, जन्मभर. एखाद्या दातावर बारीकशी खरबड राहिली असेल तर ती त्याच चौघांना ओरबाडत राहणार. जिना एकच, शेजारी तेच, भांडणही तेच. ४० ला ११ मध्ये दोन्ही संख्यांना भाग जाणारा समान आकडा नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या चाळीसही दातांना आळीपाळीनं भेटून येतो, मग पहिल्याकडे परततो. झीज सगळ्यांत वाटली जाते. शाळेत लसावि-मसावि शिकताना 'याचा पुढे उपयोग काय' असं विचारणाऱ्या माझ्यासारख्यांना हे उत्तर.

याला जोडून आणखी एक. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच जोडनंबर कोरतात. विकत घ्यायची तर जोडी. एकटी क्राऊन स्वस्तात मिळाली म्हणून कुणी हुरळून जाऊ नये. या चुकीबद्दल पुढे सांगतो, ती माझीच आहे.

## वळणावरची लेझीम

हौसिंगमध्ये आणखी एक यंत्र लपलेलं असतं, डिफरन्शियल. गॅरेजात 'डिफ्रन्शल'. लेझीम पथक कोपऱ्यावर वळताना बघा. आतल्या कडेचा जागच्या जागी पावलं टाकतो, बाहेरच्या कडेचा जवळजवळ धावतो, तरच रांग सरळ राहते. गाडीच्या मागच्या दोन चाकांचंही तसंच. दोन चाकांमध्ये साधारण सव्वा मीटर अंतर असेल, तर एका यू-टर्नमध्ये बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जवळजवळ चार मीटर जास्त चालावं लागतं. यू-टर्न लहान घ्या की मोठा, फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर प्रत्येक वळणावर एक चाक रस्ता खरवडत गेलं असतं.

म्हणून क्राऊनच्या पोटात चार छोट्या चक्र्यांचं एक त्रांगडं बसवतात. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, पण कुणी किती फिरायचं हे त्यांचं त्यांना ठरवू देतं. फ्रान्समध्ये पेकर नावाच्या घड्याळजीनं १८२०च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी याचं पेटंट घेतलं होतं. पेट्रोलची मोटार अजून जन्माला यायची होती.

या समानतेचा तोटा पावसाळ्यात दिसतो. एक चाक चिखलात गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, आणि जोर दोघांना सारखाच द्यायचा असल्यामुळे कोरड्या जागेवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एक चाक भिंगरीसारखं फिरतंय आणि गाडी ढिम्म, असं चित्र कोकणात लाल मातीत कुणी बरं पाहिलं नसेल?

## जुन्या गाड्यांची पावलं एवढी आखूड का?

एक कारण सरळ आहे: इंजिन दुबळं. फियाट ११००चं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसच्या वर थोडी अश्वशक्ती. चार माणसं बसली की गाडी टनाच्या पुढे जाते. ओढ हवी तर पावलं आखूड करण्यावाचून इलाज नाही.

दुसरं कारण आजच्या ड्रायव्हरला चटकन पटत नाही. त्या काळी गिअर बदलणं म्हणजे शिक्षा होती. वेगवेगळ्या गतीनं फिरणारी चक्रं एकमेकांत अडकवण्याआधी त्यांची गती जुळवून घेणारी सोय, म्हणजे सिंक्रोमेश, कॅडिलॅकनं १९२८ साली आणली. त्याआधी क्लच दोनदा दाबा, मध्ये अंदाजानं ॲक्सिलरेटर द्या, आणि चुकलात तर खर्रर्र करून अख्ख्या गल्लीला कळवा. साहजिकच एकदा टॉप गिअर टाकला की तो बदलायची वेळच येऊ नये असं गिऱ्हाइकाला वाटे. टॉपवरच माणसाच्या चालीनं चालावी, टॉपवरच चढ चढावा, अशी गाडी चांगली. एक्सलचा गुणक मोठा ठेवला की हे साधतं.

तिसरी गोष्ट तेवढीच महत्त्वाची. लुई रेनॉल्टनं १८९८ साली अशी गाडी बनवली जिच्या टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्समधलं एकही चक्र जोर वाहत नव्हतं. इंजिनाचा दांडा आणि प्रोपेलर शाफ्ट थेट एक होत. पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीच्या रू लपिक या उभ्या चढावर त्यानं नाताळच्या आदल्या रात्री ती चढवून दाखवली आणि मित्रांकडून ऑर्डरी घेऊनच घरी परतला, असं सांगतात. टॉप गिअर 'डायरेक्ट' ठेवायची ही रीत मग पुढची साठ-सत्तर वर्षं चालली. मामाच्या फियाटचा चौथा गिअरही डायरेक्ट आहे: शाफ्टची एक फेरी, इंजिनाची एक फेरी.

आता मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हातात येतं. आजच्या हॅचबॅकचा शेवटचा गुणकही चारच्या आगेमागेच असतो! फरक इतकाच की तिचा पाचवा गिअर डायरेक्टच्याही पुढचा आहे. इंजिनाच्या पाऊण फेरीत तो पुढची पूर्ण फेरी काढतो. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. फियाटच्या गिअरबॉक्समध्ये तो पाचवा खणच नाही. टॉपला गेल्यावर जे काय आहे ते एक्सलचं गणित.

हा गुणक कोणत्या रस्त्यासाठी, कुणासाठी ठरवला याची नोंद दातांवर राहून जाते. जीपचं उदाहरण मला फार आवडतं. सैन्यातल्या विलीज जीपचा गुणक ४.८८ होता. युद्ध संपलं, तीच जीप १९४५मध्ये शेतकऱ्याला विकायला काढली आणि गुणक झाला ५.३८, म्हणजे ४३ ला ८. इंजिन तेच, टायरचं माप तेच, पण आता नांगर ओढायचा होता. पुढे महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला घेतली ती याच नागरी घराण्यातली. अशा जीपमधून कुणी तुम्हाला अटल सेतूवरून शंभरनं न्यायचं म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. ऐंशीलाच तिचं इंजिन बत्तीसशे आरपीएमच्या आसपास घुमत असतं.

उलट शिवडीला जनरल मोटर्सनं १९२८मध्ये गाड्या जुळवायचा कारखाना काढला, तिथून बाहेर पडणाऱ्या शेवरोले अमेरिकेच्या रस्त्यांचा विचार करून आखलेल्या. खंडाळा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. तरी त्या घाट चढल्या, कारण पावलं आखूड होती. वाटेत शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून रेडिएटर थंड करावा लागे, तो भाग वेगळा.

मॉडेल टीचं तर विचारू नका. पुढे जायला दोनच गिअर. खालच्या गिअरचा गुणक २.७५, एक्सलचा ३.६४, मिळून दहापट. रिव्हर्सचा ४, म्हणजे मिळून साडेचौदापट. त्यात पेट्रोलची टाकी बहुतेक वर्षं पुढच्या सीटखाली, पंप नाही, पेट्रोल नुसत्या उतारानं इंजिनात यायचं. उभा चढ लागला आणि टाकी अर्धी असली की इंजिन उपाशी. त्यामुळे लोक गाडी फिरवून चक्क उलटी, रिव्हर्समध्ये चढवत. यात ओढही जास्त आणि पेट्रोलही सुखानं येतं. दोन्ही अडचणींवर एकच तोडगा.

## आमच्या फियाटचा आकडा काढला तेव्हा

एक्सल न उघडता गुणक काढता येतो. मुलीला तेच करून दाखवायचं ठरलं. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पुढच्या चाकांना विटा लावल्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडला, मागचं डावं चाक जॅकवर उचललं. उजवं जमिनीवरच. उचललेल्या चाकावर खडूनं एक रेघ, प्रोपेलर शाफ्टवर दुसरी. मी चाक हातानं फिरवणार, मुलगी सतरंजीवर आडवी होऊन शाफ्टच्या फेऱ्या मोजणार. जॅकच्या जोडीला लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली कुणी शिरायचं नाही, हा मामाचा नियम. तो नियम तुम्हीही पाळा.

इथं एक मेख आहे. एकच चाक मोकळं असलं की डिफरन्शियलमुळे ते दुप्पट फिरतं. म्हणून मोकळ्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची एक फेरी धरायची. चाक वीस वेळा फिरवलं, क्राऊन दहा वेळा फिरली. खालून आवाज आला, "त्रेचाळीस!" मामाला पटेना, पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा त्रेचाळीस. म्हणजे गुणक ४.३ च्या आसपास.

मग गाडी खाली उतरवून ढकलली आणि चाकाच्या एका फेरीत किती पुढे सरकते ते टेपनं मोजलं: एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर. चाकाच्या ७२० फेऱ्या. गुणिले ४.३, एकतीसशे आरपीएम. आमची हॅचबॅक त्याच वेगाला पाचव्या गिअरात दोन हजारांच्या थोडं वर असते. फियाटचं इंजिन दर मिनिटाला हजार फेऱ्या जास्त मारतं, तेही पत्र्याच्या एका पातळ भिंतीपलीकडे. ओरडणार नाही तर काय!

याच घराण्यातली धाकटी म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, पण तिच्या मागच्या सीटवर बसून पेडर रोड चढलेल्या प्रत्येकाच्या कानात तो एक्सलचा 'हूंऽऽ' अजून असेल.

## "मग क्राऊन-पिनियन बदलून टाका की!"

हे हमखास ऐकायला मिळतं. समजा ४.३ च्या जागी ३.९ ची जोडी मिळाली. ऐंशीला आरपीएम एकतीसशेवरून अठ्ठावीसशेवर येईल. कानाला फरक जाणवेल. पण चाकावरची ओढ नऊ-दहा टक्क्यांनी गेली. तिसऱ्यावर चढणारी गाडी घाटात दुसरा मागेल, आणि दुसऱ्यात इंजिन आणखी ओरडेल. शिवाय स्पीडोमीटरची वायर निघते गिअरबॉक्सच्या शेपटाकडून, म्हणजे एक्सलच्या आधी. त्या बिचाऱ्याला पुढे काय बदललं ते कळणार नाही. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८८ ला असेल. कोस्टल रोडवर मर्यादा ८० आहे आणि कॅमेऱ्याला तुमचा काटा दिसत नाही.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी आमच्या हौसिंगमध्ये क्राऊनचा एक दात टवका उडून गेला. जुन्या सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाउस आहे, कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, माणूस फिरला की काही ना काही मिळतं. मला एका दुकानात कोऱ्यासारखी क्राऊन मिळाली. दात मोजले, बरोबर. पिनियन आमचीच चांगली होती, ती ठेवली. पैसे वाचवल्याच्या आनंदात घरी आलो. गाडी रस्त्यावर आली आणि पन्नासच्या पुढे मागून असा विव्हळण्याचा आवाज सुरू झाला की कुत्री मागे लागायची.

मेस्तरी मालवणकडचे. त्यांनी झाकण काढलं, जोडनंबर बघितले आणि म्हणाले, "जोडी फोडल्यार ती रडतलीच."

पुढे त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. जोडीची क्राऊन-पिनियन शोधून आणली. तेलात शेंदूर कालवला, मारुतीला लावतात तोच, आणि ब्रशनं क्राऊनच्या दातांवर पातळ थर दिला. मग पिनियन हातानं फिरवली. जिथं दाताला दात टेकला तिथला शेंदूर पुसला गेला आणि डाग उमटला. डाग दाताच्या मधोमध यायला हवा. टोकाला आला तर पिनियनखाली पातळ पत्र्याची चकती, म्हणजे शिम, वाढवा किंवा काढा, पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवा. दोन चक्र्यांमध्ये जाड कागदाच्या जाडीएवढाच खेळ ठेवायचा. पूर्ण दुपार गेली. शेवटच्या वेळी डाग बरोबर मध्ये उमटला तेव्हा मेस्तरींनी चहा मागवला. गाडी परत कधी विव्हळली नाही.

## तेल कुठलंही चालतं का?

चालत नाही. त्याचं कारण दातांच्या आकारात आहे. सुरुवातीला दात सरळ कापायचे, ते खडखडत. मग वक्र दात आले, एक दात सुटायच्या आत दुसरा पकडायचा, त्यामुळे आवाज कमी झाला. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनं १९२६च्या सुमारास हायपॉइड दात आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसते, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली येतो आणि गाडीची फरशी खाली नेता येते. ठेंगण्या गाड्यांचं युग यातूनच सुरू झालं. पण हायपॉइडचे दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, घसरतातही. साधं तेल त्या दाबाखाली टिकत नाही, म्हणून त्यात गंधकाची द्रव्यं घातलेलं खास तेल लागतं.

हेच जोरकस तेल सगळ्यांना मानवत नाही. इंग्लंडच्या लँचेस्टर आणि डेमलर गाड्यांत क्राऊन-पिनियनऐवजी मळसूत्रासारखा वर्म गिअर असे, अत्यंत शांत. त्याचं चाक ब्राँझचं. काही गंधकी द्रव्यं तांब्याच्या मिश्रधातूला खातात. तेव्हा डब्यावर 'सर्वात भारी' लिहिलंय म्हणून ओतू नका. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी बघा.

## राहिलेल्या शंका

मोठे टायर घातले तर? गणित तेच. घेर पाच टक्क्यांनी वाढला तर पावलं पाच टक्क्यांनी लांब झाली, ओढ तेवढी घटली, काटा तेवढा कमी दाखवायला लागला. वर स्टिअरिंग जड होतं आणि वळताना टायर मडगार्डला घासू शकतो. मी तरी या वाटेला जाणार नाही.

एकाच एक्सलमध्ये दोन गुणक? झालेत तसेही प्रयोग. मॉडेल टीसाठी रक्स्टेल नावाचा दुहेरी एक्सल बाहेरून विकत मिळायचा. अमेरिकेच्याच ऑबर्न कंपनीनं १९३२मध्ये आपल्या गाडीत तशी सोय दिली होती. पण हौसिंगमध्ये आणखी चक्र भरण्यापेक्षा गिअरबॉक्समागे ओव्हरड्राइव्ह बसवणं सोपं पडलं, आणि पुढे गिअरबॉक्समध्येच पाचवा खण आला.

एकतीसशे आरपीएमनं इंजिन झिजून जाईल का? फियाटचं नाही. ते पूर्ण ताकदीला पोचतं त्याच्या बऱ्याच अलीकडचा हा आकडा आहे. तेलाचा दाब आणि पाण्याची उष्णता ठीक असली तर त्रास फक्त कानाला. मॉडेल टीचं इंजिन सोळाशेला घामाघूम होतं, त्याला हा न्याय लावू नये. प्रत्येक इंजिनाची दमसास वेगळी.

आणि कायदा? २०२१च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांपुढची दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. ही नोंदणी करायचा विचार असेल तर एक्सलला हात लावायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. आणि बदललीच जोडी, तर मूळची ग्रीस लावून डब्यात जपून ठेवा. पुढच्या मालकाला घाटात जायचं असू शकतं.

विजेच्या गाड्यांनी मात्र गंमत केलीय. त्यांच्या मोटारीला शून्यापासूनच भरपूर पीळ असतो आणि ती मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्याही पुढे जाते. म्हणून बहुतेकींना गिअरबॉक्सच नाही. एकच कायमचा गुणक, साधारण आठ-दहाच्या आसपास, आणि खाली तेच पेकरचं डिफरन्शियल. रेनॉल्टनं गिअरबॉक्समधून चक्रं बाजूला सारायला सुरुवात केली होती, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली.

गेल्या रविवारी मुलगी पुन्हा आली होती. वरळीहून निघालो. मामानं ऐंशी गाठलेच नाहीत, डावी लेन धरून पासष्टला रमतगमत आला. मलबार हिलच्या खालून जाणाऱ्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात साठची मर्यादा आहे. आत शिरताना पोरीनं मोबाइलवर गुणाकार केला आणि म्हणाली, "तेवीसशे." ज्या टेकडीवर चढायला तिसरा टाकावा लागायचा, ती आता आमच्या डोक्यावर होती. मागून एक एसयूव्ही हॉर्न वाजवत जवळ आली, उजवीकडून निघून गेली. मामानं खिडकीची काच खाली केली, एक्सलचा आवाज बोगद्याच्या भिंतीवरून परत येतो तो ऐकायला.